फॉर्म भरणाऱ्याचा अभ्यास कोण घेणार?

पोस्ट मोठी आहे. पण घरातलं कोणी परदेशी जायच्या तयारीत असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातले एक शेतकरी मुलाला घेऊन माझ्याकडे आले. हातात पिशवी, पिशवीत कागद. मुलगा इंजिनीअर झालेला, मान खाली घालून बसलेला. कॅनडाचा स्टुडंट व्हिसा नाकारला होता. नुसता नाकारला नव्हता, तर पुढची ५ वर्षं कॅनडाचं दार बंद झालं होतं. कारण? अर्जात खोटी माहिती दिली.

वडील म्हणाले, "साहेब, पोरगं खोटं बोललं म्हणत्यात. त्यानं तो फॉर्म डोळ्यांनी बघितलासुद्धा न्हाई. सगळं दुकानवाल्यानं भरलंय."

झालं असं होतं. मुलाने आधी अमेरिकेचा व्हिसा मागितला होता, तो मिळाला नव्हता. कॅनडाच्या अर्जात सरळ प्रश्न असतो: याआधी कुठल्याही देशाने तुम्हाला व्हिसा नाकारलाय का? दुकानवाल्याने "नाही" वर खूण केली. हो म्हटलं तर फाईल अडकते, आणि अमेरिकेचं कॅनडाला कुठून कळणार, असा त्याचा हिशेब. आता कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश बोटांच्या ठशांवरून एकमेकांकडे माहिती तपासून घेतात. कळलंच.

पण माझं डोकं फिरलं ते पुढच्या गोष्टीने. असा ठपका ठेवण्याआधी तिथलं खातं अर्जदाराला एक पत्र पाठवतं. आम्हाला अशी शंका आहे, अमुक मुदतीत तुमचं म्हणणं मांडा, असं. ते पत्र आलं होतं. अर्जाचं खातं मुलाच्या नावाचं, पण ईमेल आणि पासवर्ड दुकानाकडे. दुकानातल्या पोराने पत्र बघितलं, नेहमीचंच काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं. मुदत गेली. मुलाला पत्र आल्याचं कळलं ते निकाल आल्यावर.

घरात दागिने गहाण आहेत, पतसंस्थेचं कर्ज आहे. दुकानाची फी ६० हजार, ती परत मिळत नाही.

मी त्या दुकानात जाऊन आलो. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. आणि खरं सांगतो, तो माणूस मला भामटा वाटला नाही. आधी झेरॉक्स, मग पासपोर्टचे फॉर्म, मग व्हिसा, अशी त्याची चढती कमान. भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट, २०१९ सालचं, तीन दिवसांच्या कोर्सचं. विचारलं, त्यानंतर काही शिकलात का? तो म्हणाला, "त्यानंतर काय शिकायचं? फॉर्म तोच की!"

बाहेर बोर्डावर अजून लिहिलंय: एसडीएसमधून २० दिवसांत व्हिसा. ती जलद योजना कॅनडाने ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद केली. विद्यार्थ्याने राहण्या-खाण्यासाठी दाखवायची रक्कम वर्षानुवर्षं १० हजार डॉलर होती, ती १ जानेवारी २०२४ पासून २०,६३५ झाली आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. त्याच जानेवारीत प्रांताचं वेगळं पत्र जोडायचा नियम आला. तिकडे ब्रिटनने संशोधनाचे अभ्यासक्रम वगळता विद्यार्थ्यांना बायको-मुलं नेणं बंद केलं, तेही जानेवारी २०२४ पासूनच. २०१९ चं सर्टिफिकेट लावलेल्या माणसाकडे यातलं काय असणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

आता याच तालुक्यातली दुसरी बाजू सांगतो.

माझ्या मावसभावाची मुलगी पुण्यात अमेरिकन इमिग्रेशन वकिलांचं काम करते. हुद्दा पॅरालीगल. म्हणजे ती वकील म्हणून सही करत नाही, पण वकिलाच्या हाताखाली फाईल तीच उभी करते. कागद गोळा करणं, फॉर्म भरणं, तारखा सांभाळणं. आपल्याकडे पक्षकाराला वकिलापेक्षा कारकून जास्त भेटतो ना, तसंच.

तिला ही फाईल दाखवली. पहिलं वाक्य काय बोलावं? "काका, मी कॅनडाचं सांगणार नाही. माझं काम अमेरिकेचं आहे, चुकीचं काही सांगितलं तर?" मग एवढंच म्हणाली, की असं पत्र आलं की त्याच दिवशी त्या देशाच्या वकिलाकडे जायचं असतं, हे त्यांना ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात.

बघा, आपल्याला काय येत नाही हे माहीत असणं, हासुद्धा शिक्षणाचाच भाग आहे.

तिच्या ऑफिसात नियम बदलला की वर्ग होतो. अमेरिकेत फॉर्मची आवृत्ती बदलते आणि जुन्या आवृत्तीवर भरलेला अर्ज तसाच परत येतो. सप्टेंबर २०२५ मधला तो शनिवार आठवतोय? एच-वन-बीला एक लाख डॉलर लागणार, रविवारच्या आत अमेरिकेत परत पोहोचा, म्हणून व्हॉट्सॲपवर बोंबाबोंब झाली होती. गणपती-पितृपक्षासाठी आलेल्या पोरांनी मिळेल त्या भावाने तिकिटं काढली. ही पोरगी दोन दिवस घरी गेली नाही. घोषणा वाचायची, मग तिकडच्या खात्याचा खुलासा वाचायचा, वकील सांगेल तसं लोकांना कळवायचं. खुलासा असा होता, की ही फी नव्याने दाखल होणाऱ्या अर्जांनाच आहे, आधीच व्हिसा असलेल्यांना नाही. ज्यांना हे वेळेवर सांगणारं कोणी होतं, ते शांत झोपले. बाकीचे विमानतळावर.

कायदा काय म्हणतो तेही बघू. कॅलिफोर्नियात पॅरालीगलला दर दोन वर्षांनी किमान ४ तास व्यवसायातल्या नीतिमत्तेचं आणि ४ तास कायद्याचं शिक्षण घ्यावंच लागतं. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात परवानाधारक पॅरालीगलला वर्षाला १२ तास. कॅनडात पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तर वकील, क्यूबेकचे नोटरी, असे पॅरालीगल किंवा नोंदणीकृत सल्लागार, एवढ्यांनाच मुभा. सल्लागारांसाठी २०२१ पासून वेगळं कॉलेज म्हणजे नियामक संस्था आहे आणि तिची यादी कोणीही ऑनलाइन बघू शकतो. ब्रिटनमध्ये पात्रता नसताना असा सल्ला देणं हा गुन्हाच आहे.

तिकडे सगळं सोन्यासारखं आहे असं नाही. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत पॅरालीगलवर अशी सक्ती नाही. शिवाय लॅटिन अमेरिकेत नोटरी म्हणजे मोठा कायदेपंडित, त्याचा फायदा घेऊन अमेरिकेत नुसते शिक्के मारणारे नोटरी स्थलांतरितांना लुबाडतात. आपल्याकडचा "कन्सल्टंट" शब्द तसाच. लावायला परीक्षा नाही, काढायला कायदा नाही.

कोणी म्हणेल, तासांनी काय होतं? कॅमेरा बंद करून चहा पीत वेबिनार संपवायचा आणि सर्टिफिकेट घ्यायचं. एमएस-सीआयटीचं आपण काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. मान्य. पण जीएसटीचं बघा. २०१७ ला आला तेव्हा आपल्या बाजारपेठेतले जुने दिवाणजी रडकुंडीला आले होते. आज तेच दर महिन्याचे बदल तोंडपाठ सांगतात. का? चुकलं तर व्यापारी दारात येऊन जाब विचारतो. व्हिसाच्या दुकानात जाब विचारायला कोणी येत नाही, कारण चूक कोणाची हे घरच्यांना कळतच नाही. "नशिबात नव्हतं" म्हणून विषय संपतो.

आपल्या कायद्याचं काय? परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली केंद्राची नोंदणी लागते. फीवर ३० हजार अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. पण विद्यार्थी व्हिसाचे फॉर्म भरणारा या कायद्यात बसत नाही. त्याला शॉप ॲक्टची नोंद पुरते. पंजाबने हात पोळल्यावर २०१२ साली स्वतःचा कायदा केला, परवाना सक्तीचा केला. तरीही २०२३ मध्ये बनावट प्रवेशपत्रांमुळे कॅनडात अडकलेली शेकडो मुलं बहुतेक पंजाबचीच निघाली. म्हणजे नुसता परवानाही पुरत नाही. परवाना एकदा मिळतो, नियम दर महिन्याला बदलतात.

आता माझ्याबद्दल. त्या दुकानाची जाहिरात माझ्या पोर्टलवर सहा महिने चालली. "खात्रीशीर व्हिसा" हे शब्द मीच टाईप केले होते. दिवाळी अंकात अर्ध्या पानाची "यशोगाथा" छापली, तिचे पैसे घेतले. पत्रकारितेचा डिप्लोमा घेतलेल्या माणसाला एक फोन करून बोर्डावरची योजना चालू आहे का हे विचारता आलं असतं. विचारलं नाही. ते वडील माझ्याकडे का आले माहितीय? जाहिरात माझ्याकडे वाचली होती म्हणून. हे त्यांनी जाताना सांगितलं, रागाने नाही, सहज. तेव्हापासून नीट झोप नाही.

म्हणून यापुढे आपली नोंदणी, पात्रता आणि गेल्या वर्षभरात काय शिकला ते न दाखवणाऱ्या व्हिसा दुकानाची जाहिरात मी घेणार नाही. बाकीच्या पत्रकार मित्रांनीही विचार करावा.

मागण्या दोनच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरालीगल व्हॉलंटिअर आहेत. वारस नोंद, पोटगी, रेशनकार्ड यांत ते लोकांना मदत करतात. त्यांच्या प्रशिक्षणात परदेशी जाण्याच्या फसवणुकीचा आणि कागदपत्रांचा एक दिवस घाला, आणि तो दरवर्षी नव्याने घ्या. दुसरी मागणी मुक्त विद्यापीठ आणि जिल्ह्यातल्या लॉ कॉलेजांकडे: फॉर्म भरणाऱ्यांसाठी छोटा अभ्यासक्रम काढा, ज्याचं सर्टिफिकेट एका वर्षात संपेल. पुन्हा शिका, पुन्हा घ्या. दुकानवाल्याचंही त्यात भलं आहे.

आणि ते होईपर्यंत पालकांनो, एवढं करा. सही करायच्या आधी पूर्ण भरलेला फॉर्म मुलाने स्वतः वाचायचा. ईमेल आणि पासवर्ड मुलाचाच, दुकानाचा नाही. फॉर्मवर प्रतिनिधी म्हणून तुमचं नाव टाकणार का, हे दुकानवाल्याला विचारा. "नाही" म्हणाला तर उठा. आणि आधी नकार मिळाला असेल तर तो लपवू नका. नकार लिहिला तर व्हिसा कदाचित मिळणार नाही, लपवला तर ५ वर्षं जातील.

तो मुलगा आता पुण्यात नोकरी शोधतोय. कोणाच्या कंपनीत मेकॅनिकल इंजिनीअरची जागा असेल तर मला मेसेज करा. मुलगा हुशार आहे. खोटा तर अजिबात नाही.