भाडेकरूचं लेकरू

आळंदी हे शिकायला येणाऱ्यांचं गाव. विष्णुबुवा जोगांनी 1917 साली इथे वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून गावोगावची पोरं पखवाज, पाठांतर, कीर्तन शिकायला इथे येतात. अलीकडे मराठवाडा-विदर्भातून आणखी एक लोंढा येतो, चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर लागलेल्या आईबापांचा. त्यांच्या कडेवरच्या लेकराचं शिक्षण मात्र कुणाच्याच खिजगणतीत नसतं.

आमच्या गल्लीत भाड्याच्या खोल्यांची चाळ आहे. तिथे नव्याने राहायला आलेल्या परभणीकडच्या बाईंना विचारलं, "पोरीला अंगणवाडीत घातलं का?" साडेतीन वर्षांची ती पोर बादलीच्या काठावर कपड्यांचे चिमटे लावत होती. लाल, निळा, लाल, निळा. आई म्हणाली, "काका, आमचं राशन कार्ड गावाकडंच हाय. लेकराचं आधार बी काढलेलं नाही. घेतेत का मग?"

घेतात. अंगणवाडीला ना रेशनकार्डाचा रंग लागतो, ना भाडेकरार. मुलाचं आधार नसलं तरी आईच्या आधारावर नोंद होते. गावाकडे नाव लागलेलं असेल, तर अंगणवाडीच्या 'पोषण ट्रॅकर' ॲपमध्ये ते इकडे वळवून घेता येतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथे गरम आहार मिळतो, वजन-उंची मोजली जाते, लसींची आठवण केली जाते.

तरी 'तिथं काय, खिचडी मिळते' म्हणून नाक मुरडणारे कमी नाहीत. मग पोटाला चिमटा काढून खासगी नर्सरीची फी भरायची, टाय-बूट घ्यायचे आणि पेन्सिल धरता न येणाऱ्या पोराकडून एबीसीडीची पानं भरून घ्यायची. त्या पोरीने लाल-निळ्याची लावलेली रांग हीच खरी गणिताची सुरुवात. अंगणवाडीसाठीचा राज्याचा अभ्यासक्रमही खेळातूनच शिकवायला सांगतो.

अडचणी आहेतच. अंगणवाडी काही तासांची, शिफ्ट आठ तासांची; मधल्या वेळी लेकराला आणायचं कुणी? सेविका सर्वेक्षणाला येते तेव्हा दाराला कुलूप. तिच्यामागे रजिस्टरं, ॲप, गृहभेटी, आणि हातात पगार नव्हे, मानधन. सगळा दोष तिच्या माथी मारून चालणार नाही.

अडचणींतून काढायची वाट मात्र जुनीच आहे. बोर्डीत 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीत, घरांच्या अंगणात नेली. पुढे 1975 साली सुरू झालेल्या आणि मग देशभर पसरलेल्या अंगणवाडीच्या योजनेलाही हेच अभिप्रेत होतं. सर्वोच्च न्यायालयाने तर 2006 साली सांगून ठेवलंय: वस्तीत सहा वर्षांखालची 40 मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळायला हवी. आळंदी-मरकळ रस्त्याच्या आजूबाजूच्या चाळींत 40 मुलं मोजायला किती वेळ लागेल?

पण मागणी करायची कुणी? भाडेकरू आज इथे, उद्या धानोऱ्याला. ते काम आम्हा पक्क्या रहिवाशांचं, त्यातही घरमालकांचं. नवा भाडेकरू आला की आपण त्याचे कागद पोलिसांकडे पडताळणीला देतो. त्याच दिवशी त्याच्या लेकराचं नाव आणि वय सेविकेलाही कळवावं. त्याला ना शुल्क लागतं, ना झेरॉक्स.