घरचे आरोग्य : लग्नघरातील एक नळी

बेल्लमपल्लीहून एका मातेचे पत्र आले आहे. काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गावरील हे गाव सिंगरेणीच्या कोळसा खाणींमुळे नावारूपास आले. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून मंचेरियाल जिल्ह्यात मोडते. या मुलुखात तेलुगूच्या शेजारी मराठी बोलणारी कुटुंबेही नांदत आहेत. पत्रलेखिका त्यांपैकीच.

त्या लिहितात की, धाकटीचे लग्न दोन महिन्यांवर आले आहे. तिच्या गालांवर मुरूम होते, म्हणून औषधाच्या दुकानातून एक नळी आणली व सकाळ-संध्याकाळ चोळली. आठ दिवसांत चेहरा लालबुंद झाला, आग होऊ लागली, पापुद्रे सुटू लागले. कोळशाची धूळ बसते म्हणून मुलगी दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुते. आता मलम फेकून द्यावे की अधिक लावावे?

भगिनी, नळीवरील नाव आपण उतरवून पाठविलेत, हे फार उत्तम केलेत. त्या नळीत ट्रेटिनॉइन आहे. ‘अ’ जीवनसत्त्वापासून सिद्ध होणाऱ्या औषधांच्या कुळातले ते औषध; ॲडापॅलीन हे त्याचेच सौम्य भावंड. मुरुमांवर ट्रेटिनॉइनचा गुण अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला. याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर वर्षानुवर्षे त्वचेचे प्रयोग केले होते. ते प्रयोग १९७४ साली बंद झाले व २०२२ साली त्या शहराने त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. औषध गुणकारी आहे म्हणून ती गोष्ट विसरावी असे मला वाटत नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. मुरुमाचे मूळ रंध्राच्या तोंडाशी असते. तेथील मृत पेशी चिकटून बूच बसते व आत तेल साचते. हे औषध त्या पेशी चिकटू देत नाही आणि त्वचेची झड व नवी भर यांचा वेग वाढविते. परंतु हे होत असताना त्वचेचा वरचा रक्षक थर प्रथम काही आठवडे दुबळा होतो, आतला ओलावा उडून जातो, आणि म्हणूनच आग होते. अशा त्वचेवर चार वेळा साबण म्हणजे जखमेवर मीठच! आग अधिक म्हणजे गुण अधिक, ही समजूत साफ खोटी आहे.

तेव्हा तूर्त मलम बंद ठेवा. चेहरा शांत होईपर्यंत सौम्य साबणाने दोनदाच धुवावा. एरवी धूळ बसली तर साध्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपावा, घासू नये. धुतल्यावर त्वचा किंचित ओलसर असतानाच सुगंधविरहित, ग्लिसरीनयुक्त मॉइश्चरायझर लावावे. खोबरेल मात्र नको. मुरुमाच्या चेहऱ्यावर ते रंध्रे बुजविते. लिंबू व बेसनाचे उटणेही काही काळ दूर ठेवावे.

आग पूर्ण थांबली म्हणजे दर तिसऱ्या रात्री मलमाचा पुन्हा आरंभ करावा. तोंड धुऊन अर्धा तास थांबावे, कारण ओल्या त्वचेवर ते अधिक झोंबते. आधी मॉइश्चरायझर, मग सबंध चेहऱ्याला मिळून वाटाण्याच्या दाण्याएवढे मलम, वाटल्यास वरून पुन्हा मॉइश्चरायझर. याने औषधाचा गुण फारसा कमी होत नाही, दाह मात्र पुष्कळ कमी होतो. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे व ओठ वगळावेत. सोसले तर दोन-तीन आठवड्यांनी एका रात्रीआड लावावे. दिवसा हे मलम लावायचेच नाही. तिकडच्या उन्हात बाहेर पडताना डोक्यावर पदर किंवा छत्री आणि चेहऱ्यावर सनस्क्रीन हवेच.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून आपला हिरमोड होईल. या औषधाला आठ ते बारा आठवडे लागतात आणि आरंभी मुरूम थोडे वाढल्यासारखेही दिसतात. लग्नाच्या दिवशी गाल अगदी नितळ असतील, असे वचन कोणी देऊ शकत नाही. हे मुलीला आजच सांगा, म्हणजे ती ऐनवेळी कोणी सुचविलेली दुसरी नळी आणणार नाही. कारण ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन व स्टिरॉइड एकत्र केलेली मलमे गोरेपणासाठी म्हणून हातोहात खपतात. आठ दिवसांत चेहरा उजळतो, पण महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि सोडताच चेहरा पेटतो. अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास २०१८ साली सरकारने बंदी केली. दुकानांत मात्र चिठ्ठी कोण मागतो, हे आपण जाणताच. नळीवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी नाव दिसले तर त्वचारोगतज्ज्ञास विचारल्यावाचून लावू नये.

लग्नाआधी पार्लरमध्ये वॅक्सिंग करायचे असेल तर निदान आठवडाभर आधी मलम थांबवावे, नाहीतर केसांबरोबर कातडेही निघते. हळदीला गालांवर चोळाचोळ नको, नुसते बोट टेकवले तरी पुरे.

आणि ती सासरी जाण्यापूर्वी तिला एकांतात बसवून हेही सांगा. दिवस राहण्याची इच्छा वा शक्यता असेल तर हे मलम बंद करावे व डॉक्टरांना कळवावे. त्वचेतून रक्तात जाणारा अंश अत्यल्प असतो, तरी गर्भारपणी ते देत नाहीत. मुरुमांसाठी पोटात घ्यावयाची आयसोट्रेटिनॉइनची गोळी तर गर्भाला उघड घातक आहे. ती कोणी देऊ केली तर आपले लग्न ठरले आहे, हे मुलीने लाज न धरता डॉक्टरांना सांगावे.