नाव एक, माल दोन

परवा पुण्याहून धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "ताई, ऐकलं ते खरं का हो? नातवाला सेहेचाळीस हजारांचं खेळणं घेऊन दिलंत म्हणे!"

खरेदी २०२५ च्या आषाढीनंतरची. बातमी पुण्याला पोचायला इतके महिने लागले याचंच मला नवल वाटलं! फोनवर मी नुसतं "हो, घेतलं" एवढंच म्हणाले. पण त्या 'खेळणं' शब्दानं मनात घर केलं. म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं. म्हणजे उरलेल्या नातेवाइकांचे फोन तरी वाचतील!

तर त्या वस्तूचं नाव ग्राफिक्स कार्ड. संगणकाच्या डब्यात बसवायचं. किमतीत ना सगळ्यात खालचं, ना सगळ्यात वरचं. ज्याला ही मुलं 'मिड-रेंज' म्हणतात, ते. मी बी.ए. झालेली, तेही मराठी माध्यमातून. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. मला यातलं काय कळणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण फसगत माणसाला फार लवकर शिकवते.

आधी फसगतीची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी दिवाळीत मी नातवाला एक कार्ड आणून दिलं होतं. त्यानं कागदावर नाव लिहून दिलं, मी तो कागद दुकानात दाखवला, त्याच नावाचा डबा घरी आणला. पोरगं खूश, मी खूश. पुढे तो ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरवर आपल्या पिंप्राळ्याचा रथ तयार करायला बसला. आषाढी एकादशीला आपल्याकडे निघतो तोच. काय सुरेख केला होता! कोरीवकाम, चाकं, वरचा कळस... मी म्हटलं, "अरे, रथ झकास झालाय, पण माणसं कुठं आहेत? ओढणारं कुणीच नाही?" तो म्हणाला, "टाकतो आजी, नंतर."

ते 'नंतर' तीन वर्षं आलं नाही. एकदा सूनबाईंकडून कळलं, की माणसं टाकली की संगणक अडून बसतो. कारण मी आणलेल्या कार्डाच्या नावाची दोन कार्डं बाजारात होती. नाव सारखं, पण आतली मेमरी वेगळी. मी आणलं ते कमी प्रतीचं. आजीला वाईट वाटेल म्हणून पोरगं तीन वर्षं गप्प बसलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे जाऊबाईंना कसं सांगू?

मग मी अभ्यासाला बसले. शिक्षिकेची खोड, दुसरं काय!

मला समजलं ते असं. संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे एक अतिहुशार विद्यार्थी. कुठलंही अवघड गणित द्या, सोडवतो, पण एका वेळी थोडीच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजारो साध्या मुलांचा वर्ग. प्रत्येकाला छोटंसं गणित द्यायचं आणि सगळ्यांनी एकदम सोडवायचं. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग ठरवायला असाच वर्ग लागतो. कार्डावरची मेमरी म्हणजे त्या वर्गाचा फळा. फळ्यावर मावेल तोवर वर्ग भराभर चालतो. मावेनासं झालं की कुणीतरी उठून शेजारच्या खोलीतून वही आणायची, बघायची, पुन्हा ठेवून यायची. मुलं कितीही हुशार असोत, तोवर हात जोडून बसणार! खेळात त्यानं चित्र अडखळतं. ब्लेंडरमध्ये काम रखडतं, कधी बंदच पडतं.

आता या वर्गाची नऊ वर्षांची प्रगती बघू या. एनव्हिडिया कंपनीची जीफोर्स मालिकेतली 'साठ' आकड्याची कार्डं म्हणजे मधल्या बाकावरची. २०१६ च्या जुलैत १०६० आलं, २४९ डॉलरला, ६ जीबी मेमरी. २०१९ मध्ये २०६०, ३४९ डॉलर, पुन्हा ६ जीबी. २०२१ मध्ये ३०६०, ३२९ डॉलर, १२ जीबी. २०२३ मध्ये ४०६०, २९९ डॉलर, ८ जीबी. २०२५ च्या मे महिन्यात ५०६०, २९९ डॉलर, ८ जीबी.

फळ्याची रांग वाचा: ६, ६, १२, ८, ८. असं प्रगतीपुस्तक एखाद्या मुलानं आणलं असतं, तर मी पालकांना शाळेत बोलावलं असतं!

न्यायानं बोलायचं तर वेग वाढला आहे. ३०६० पेक्षा ४०६० साधारण पाचव्या हिश्श्यानं वेगवान, आणि त्यावर ५०६० जवळपास तितकंच पुढे. वीजही बेताची लागते. डॉलरमधली किंमत तर उतरलेलीच दिसते. पण आपण डॉलरमध्ये कुठं कमावतो? २०१६ मध्ये डॉलर सदुसष्ट रुपयांच्या आसपास होता, म्हणजे २४९ डॉलरचे साडेसोळा हजार. २०२५ च्या जुलैत तो शहाऐंशीच्या घरात. २९९ डॉलरचे साडेपंचवीस हजारांवर, वर १८ टक्के जीएसटी, झाले तीस हजार. पेन्शनीत जगणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असतो.

आणखी एक गंमत आहे. आजकाल वेगाचे जे आकडे डब्यावर आणि जाहिरातीत मिरवतात, त्यातले पुष्कळसे 'फ्रेम जनरेशन'चे असतात. कार्ड एक चित्र खरोखर काढतं आणि मधली चित्रं अंदाजानं भरतं. २०२२ मध्ये अशी एक फ्रेम भरायची सोय आली, २०२५ मध्ये तीनपर्यंत. म्हणजे मुलानं एक गणित सोडवलं, तीन अंदाजानं लिहिली आणि चारही गणितांचे मार्क मागितले! २०२५ च्या जानेवारीत लास व्हेगासच्या मंचावरून कंपनीच्या प्रमुखांनी, जेन्सन हुआंग यांनी, सांगितलं होतं की ५४९ डॉलरचं ५०७० हे १,५९९ डॉलरच्या ४०९० इतकी कामगिरी करील. ती तुलना याच सोयीच्या जोरावर होती. खेळताना चित्र त्यानं गुळगुळीत दिसतं, हे खरं. पण बटण दाबल्यावर प्रतिसाद काही तितका चपळ होत नाही. आणि आमच्या रथाला तर त्याचा काडीचाही उपयोग नाही. ब्लेंडरला प्रत्येक चित्र खरोखरच काढावं लागतं.

पण माझी मुख्य तक्रार किमतीची नाही की वेगाचीही नाही. ती आहे नावाची.

२०२५ च्या एप्रिलमध्ये ५०६० टीआय नावाचं कार्ड आलं. ८ जीबीचं ३७९ डॉलरला, १६ जीबीचं ४२९ ला. जूनमध्ये दुसऱ्या कंपनीचं, एएमडीचं, आरएक्स ९०६० एक्सटी आलं. ८ जीबीचं २९९ ला, १६ जीबीचं ३४९ ला. दोन्हीकडे नाव एकच, माल दोन. डब्यावर जीबीचा आकडा छापलेला असतो, मान्य. पण नातू नाव सांगतो, आजी नाव लक्षात ठेवते. आकडा लक्षात ठेवायचा असतो, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

आपण जळगावकर तर सोन्याच्या बाजारात वाढलेली माणसं. आपल्या सराफाच्या पेढीवर बावीस कॅरेट आणि अठरा कॅरेट एकाच नावानं मागता येतं का? पहिला प्रश्न कॅरेटचा, मग घडणावळीचा. शिक्क्यात ९१६ की ७५० ते असतंच. मग तीस-चाळीस हजारांच्या या वस्तूला वेगळा न्याय का?

ही खोड जुनीच आहे. २०१६ मध्ये १०६० चंही ३ जीबीचं भावंडं काढलं होतं. त्यात मेमरी तर निम्मी होतीच, शिवाय वर्गातली मुलंही कमी, १,२८० च्या जागी १,१५२. नाव मात्र १०६० च!

कुणी म्हणेल, कंपन्या असल्या तक्रारी ऐकत नाहीत. ऐकतात हो! २०२२ च्या सप्टेंबरमध्ये एनव्हिडियानं ४०८० नावाची दोन कार्डं जाहीर केली, १६ जीबीचं आणि १२ जीबीचं. १२ जीबीच्या कार्डात प्रोसेसरही कमी ताकदीचा होता. किंमत ८९९ डॉलर. लोकांनी इतका ओरडा केला की १४ ऑक्टोबरला कंपनीनं ते मागे घेतलं, नावामुळे गोंधळ होतो असं स्वतःच कबूल केलं. २०२३ च्या जानेवारीत तेच कार्ड ४०७० टीआय या नावानं आलं, आणि शंभर डॉलरनी स्वस्त होऊन! आता ५०६० टीआयच्या दोन्ही डब्यांत प्रोसेसर एकच आहे, फरक फक्त मेमरीचा, हे मला कळतं. पण घेणाऱ्याच्या कामाला तोच फरक भोवतो. पाऊण लाखाच्या गिऱ्हाइकाचा गोंधळ होऊ नये म्हणून नाव बदलता येतं, तर तीस-चाळीस हजारवाल्याचा गोंधळ झाला तर चालतो का?

याचं एक कारण हिशेबात दिसतं. जानेवारी २०२२ ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाला खेळांच्या कार्डांतून सुमारे साडेबारा अब्ज डॉलर मिळाले आणि डेटा सेंटरमधून साडेदहा अब्ज. तीनच वर्षांनी खेळांचे साडेअकरा अब्जांच्या आत, आणि डेटा सेंटरचे ११५ अब्ज! कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत मधल्या बाकावरच्या मुलांकडे बघायला गुरुजींना वेळच राहिला नाही. मला वर्गातला अनुभव आहे. पहिल्या बाकावरचे आपापले शिकतात, शेवटच्या बाकाकडे ओरडायला तरी लक्ष जातं. विसरला जातो तो मधला बाक.

"मेमरी महाग असते हो बाई," असंही कुणी म्हणेल. महाग आहेच. २०२५ च्या अखेरीस तर मेमरीचे भाव भडकले, तेही याच लाटेमुळे. पण त्याआधी, २०२४ च्या डिसेंबरमध्ये, इंटेलनं आर्क बी५८० हे कार्ड १२ जीबी मेमरीसह २४९ डॉलरला आणलंच होतं. म्हणजे तेव्हा तरी अशक्य नव्हतं.

आता माझ्या खरेदीकडे येते. रथोत्सव झाला, गर्दी ओसरली आणि मी गोलाणी मार्केट गाठलं. दुकानदार निघाला माझाच जुना विद्यार्थी! "बाई, तुम्ही? आणि ग्राफिक्स कार्ड?" म्हणून उभाच राहिला. मी विचारलं, "आठ आणि सोळात किती फरक?" तो हसला. म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक नाव विचारतं, जीबी कुणी विचारत नाही." आठचे चाळीस हजार, सोळाचे सेहेचाळीस. डॉलरमध्ये पन्नासचा फरक, म्हणजे जीएसटी धरून पाच हजार. वरचे हजारभर त्याचे, त्यालाही घर आहे.

त्यानं आणखी एक कामाची गोष्ट सांगितली. आमचा संगणक जुना. ५०६० टीआयची ही कार्डं मदरबोर्डाशी बोलायला सोळाऐवजी आठच मार्गिका वापरतात, आणि जुन्या बोर्डावर त्या मार्गिकाही संथ. फळा भरला की शेजारच्या खोलीतून वही आणायची वाटच आमच्याकडे अरुंद. म्हणजे ८ जीबीचं कार्ड सगळ्यात जास्त अडणार ते जुना संगणक असलेल्याच घरी. जो सहा हजार वाचवायला जातो, त्यालाच ते महागात पडणार!

चिरंजीवांचं मत आठचंच घ्यावं असं होतं. "आई, तुझी महिन्याची पेन्शनसुद्धा पुरत नाही यात." मी म्हटलं, "मागच्या वेळी मी स्वस्तात आणलं आणि तुझ्या मुलानं तीन वर्षं तोंड दाबून काढली. त्याचा हिशेब कुणी केला?" चिरंजीव गप्प. सोळाचं आणलं.

असो. कुणाला असं काही घ्यायचं असेल, तर म्हातारीचे चार शब्द ऐका. फक्त हलकेफुलके खेळ खेळायचे असतील, पडदा साधा १०८० चा असेल, तर ८ जीबीवर निभेल, उगाच कर्ज काढू नका. पण मूल त्यावर काही घडवणार असेल, तर आधी मेमरी विचारा, मग नाव. 'चौपट वेग' असं लिहिलेलं असेल तर त्यात अंदाजानं भरलेल्या फ्रेम किती, ते विचारा. आणि कंपन्यांना माझं मागणं एवढंच, की मेमरी वेगळी तर नावही वेगळं ठेवा. किंमत तुमची, ती तुम्ही ठरवा. पण आम्ही काय घेतो आहोत, ते आम्हाला डब्याच्या नावावरूनच कळू द्या.

आणि जाऊबाई, खेळणं म्हणालात ना? गेल्या महिन्यात नातवानं मला खुर्चीवर बसवून रथ दाखवला. दोर ताणलेला, दोन्ही बाजूंना माणसं, कुणी टोपी घातलेलं, कुणी फेटा बांधलेलं, चाकाशी मोगरी लावणारे वाकलेले. बायकांच्या घोळक्यात एक चष्मा लावलेली म्हातारी होती, हातात कापडी पिशवी. मी म्हटलं, "ही कोण रे?"

"ओळख," म्हणाला.

पुढच्या वेळी पिंप्राळ्याला आलात की तुम्हालाही दाखवते. आणि बाकीच्यांनी आपापले अनुभव जरूर कळवा, विशेषतः ज्यांच्या घरी कुणी असंच गप्प बसलेलं असेल, त्यांनी.