हात गार झाले तर बिघडलं कुठे?

परवा दुपारची गोष्ट. आमच्या चाळीसगावात मे महिन्यात दुपारी एकनंतर रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. बचत गटाच्या वहीवर एक सही राहिली होती, म्हणून पदर डोक्यावर घेऊन मी गटातल्या एका मैत्रिणीकडे गेले. मैत्रीण म्हणायचं, पण वयाने माझ्या भाचीएवढी. लग्नसराईचे दिवस, मशीनशेजारी ब्लाउजांचा ढीग. आणि कोपऱ्यात तिचा तीन वर्षांचा लेक मोबाइल धरून बसलेला. मी आले, बोलले, त्याच्या केसांतून हात फिरवला, तरी पठ्ठ्याने मान वर केली नाही.

माझ्या चेहऱ्यावरचं तिने वाचलं असावं. म्हणाली, ‘‘ताई, कळतं हो मला. पण चार वाजेपर्यंत हे ब्लाउज द्यायचेत. बाहेर सोडू तर ऊन, घरात मोकळं सोडू तर सुई-कात्री. हे दिलं की बसतो एका जागी.’’

खरं सांगते, माझं भाषण जिभेवर तयार होतं. पण गिळलं. कारण माझा मुलगा लहान असताना मी तरी काय केलं होतं? टीव्हीवर कार्टून लावून द्यायचे आणि कुकर लावायला पळायचे. मातीत हात घातला की ओरडायचे, पाण्यात खेळला की ओरडायचे. आज तो कॉलेजात आहे. त्याचं बालपण आठवायला गेलं की मला माझाच आवाज ऐकू येतो, ‘‘हात नको लावूस!’’

मग मी तिला विचारलं, ‘‘बर्फ आहे का गं?’’ मठ्ठ्यासाठी स्टीलच्या डब्यात जमवलेला होता. डबा साध्या पाण्यात बुडवून आम्ही तो भला मोठा गोळा परातीत काढला. खाली जुनी चादर अंथरली, परात मशीनपासून लांब, पण तिच्या नजरेसमोर ठेवली. काही न बोलता मी बर्फावर टिचकी मारत बसले. दोन मिनिटं गेली, चार गेली. मग मोबाइल खाली आला. एक बोट पुढे आलं, बर्फाला लागलं आणि झटकन मागे गेलं. ‘‘चावलं!’’ तो म्हणाला. गारव्याला त्याने स्वतः शोधलेला शब्द! पुढचा पाऊण तास तो त्या परातीजवळून हलला नाही.

तेवढ्यात आतून त्याच्या आजी आल्या. ‘‘अहो ताई, पोराला सर्दी झाली म्हणजे निस्तरायचं कोणी?’’

प्रश्न रास्त होता. रात्री जागरण त्यांनाच पडतं. मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते. सर्दी होते ती विषाणूंमुळे, एकाची दुसऱ्याला लागते. बर्फाला हात लावल्याने होत नाही. पण काळजी घ्यायचीच, फक्त ती योग्य ठिकाणी घ्यावी. बर्फ घरच्याच पिण्याच्या पाण्याचा असावा, कारण मूल तो चाटणारच. कारखान्यातल्या लादीचा बर्फ खेळायलाही आणू नये. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला, तो काही उगाच नाही. दुसरं, ट्रेमधले छोटे तुकडे लहानग्यांना देऊ नयेत, घशात अडकू शकतात. वाटीएवढा किंवा त्याहून मोठा गोळा द्यावा आणि तो झिजून लहान झाला की उचलून घ्यावा. फ्रीजरमधून काढल्या काढल्या बर्फ ओल्या बोटांना, जिभेला चिकटतो, म्हणून पाच मिनिटं बाहेर राहू द्यावा. बोटं लाल झाली की हात पुसून थोडी विश्रांती. फरशी निसरडी होते, ती लगेच पुसावी. आणि मुलाला परातीपाशी एकटं सोडून जाऊ नये. खेळ संपला की पाणी ओतून टाकावं.

आता कोणी म्हणेल, बर्फाशी खेळून मूल काय शिकतं? मैत्रिणींनो, बघा तरी. गार, गुळगुळीत, ओलं, जड हे शब्द पाठ करून येत नाहीत, ते तळहातातून येतात. बर्फ पाण्यात टाकला की तरंगतो. का, ते आज कळलं नाही तरी चालेल, पण ‘बुडत नाही’ हे त्याने स्वतः पाहिलेलं असतं. मीठ भुरभुरलं की तिथे बर्फ लवकर वितळतो, खड्डे पडतात. (हाताला खरचटलेलं असेल तर मीठ नको आणि डोळ्यांना हात लावू देऊ नये.) एक गोळा उघडा ठेवा, दुसरा फडक्यात गुंडाळा आणि विचारा, कोणता आधी संपेल? बहुतेक मुलं म्हणतात, गुंडाळलेला, कारण कपड्याने ऊब येते. अर्ध्या तासाने फडकं सोडलं की त्यांचे डोळे बघावेत! कपडा ऊब देत नाही, बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. बर्फवाला लादीला गोणपाट का गुंडाळतो, त्याचं हेच उत्तर.

खर्च म्हणाल तर शून्य. रात्री वाटीत पाणी भरून त्यात जास्वंदीचं फूल किंवा कडुनिंबाची डहाळी ठेवावी. सकाळी ते फूल बर्फात कैद झालेलं दिसतं आणि त्याला ‘सोडवायचं’ काम मुलावर सोपवावं. कधी हळदीचं पाणी, कधी बिटाचं. दोन रंगांचे गोळे एका परातीत वितळले की तिसरा रंग होतो. गोकर्णाच्या निळ्या पाण्याचा बर्फ करून त्यावर लिंबू पिळलं की तो जांभळट-गुलाबी होतो. मोठी माणसंसुद्धा कामं सोडून बघायला येतात, हा माझा अनुभव आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, हे मीही जाणते. पण यात दोन तांब्यांपेक्षा जास्त पाणी लागत नाही आणि तेही शेवटी तुळशीला जातं, फक्त मिठाचं तेवढं घालू नये. घरी फ्रीज नसेल तर शेजारणीकडे एक वाटी ठेवायला सांगावी. त्या निमित्ताने दोन घरची पोरं एका परातीभोवती बसतील.

हे काही माझं नवं डोकं नव्हे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी उभी केली. महागडी विलायती साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी परिसरातली पानं, बिया, शिंपले, माती हीच साधनं केली. आज आपण हजारोंची खेळणी आणतो आणि मूल खोक्याशीच खेळत बसतं! आणि खोकंही नसलं की मोबाइल. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एक तासाहून अधिक पडद्यासमोर बसू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. एक वर्षाच्या बाळांना तर पडदा नकोच. पण नुसतं ‘नको’ सांगून काम करणाऱ्या आईच्या हाती काय पडतं? अपराधीपणा. तिला ‘नको’च्या जागी ‘हे घे’ म्हणणारं कोणीतरी हवं असतं. ते आपण शेजारणी, आत्या, मावश्या का होऊ नये? एका दुपारी तासभर परातीपाशी बसणं हीसुद्धा समाजसेवाच आहे, त्याला पावतीपुस्तक लागत नाही.

त्या दिवशी चार वाजता ब्लाउज पूर्ण झाले. सगळे नाही, पाचातले चार. पाचवा संध्याकाळी दिला, गिऱ्हाईक काही पळून गेलं नाही. आणि ज्या आजी सर्दीच्या काळजीत होत्या, त्या शेवटी पाटावर बसून नातवाला त्यांच्या लहानपणच्या गोळेवाल्याची गोष्ट सांगत होत्या. मोबाइल कॉटवर उलटा पडला होता. कोणाला त्याची आठवणही नव्हती.

आज रात्री झोपण्यापूर्वी एक वाटी फ्रीजरमध्ये ठेवाल ना?