तिफण कॉलेजात, कांदा वावरात

तिफण म्हटली की आपल्याला पेरणी आठवते. पण इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांना त्याच नावाची स्पर्धा आठवते. वाहन अभियंत्यांची ‘एसएई इंडिया’ ही संस्था ती भरवते आणि विद्यार्थ्यांच्या मंडळांकडून शेतीची यंत्रे बनवून घेते. राहुरीच्या कृषी विद्यापीठात ती चालवून पाहिली जातात. कांदा काढणीचे यंत्र हा विषयही तिथे होऊन गेला. म्हणजे आपल्या जुन्नर-आंबेगावचाच प्रश्न की!

आपल्याकडे कॉलेजांना तोटा नाही. अवसरी खुर्दला सरकारी कॉलेज २००९ पासून आहे. कुरण, ओतूर, बेल्हे इथे खासगी आहेत. पण मंडळांची बहुतेक धाव बक्षिसाकडे असते. स्पर्धा संपली की यंत्र वर्कशॉपच्या कोपऱ्यात जाते.

दोष एकट्या पोरांचा नाही. कांद्याचे यंत्र अवघड आहे. पाते गड्ड्याच्या खालून गेले पाहिजे, माती झडली पाहिजे आणि गड्ड्याला खरचटताही कामा नये; नाहीतर चाळीत सड सुरू झालीच. हे कागदावर उमगत नाही, त्याला उभा कांदा लागतो. उन्हाळ कांदा निघतो मार्च-एप्रिलला, तेव्हा पोरांच्या डोक्यावर परीक्षा! पुढच्या वर्षी ती बॅच पास होऊन जाते आणि नवे गडी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

इथे ग्रामपंचायतीला काम आहे. केंद्राच्या २०१४ च्या ‘उन्नत भारत अभियाना’त सहभागी कॉलेजांनी किमान पाच गावे निवडायची असतात. आपले गाव कोणाच्या यादीत आहे का, हे ग्रामसेवकांनी विचारावे. नसले तरी अडत नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचे विषय साधारण पावसाळ्यात ठरतात. तेव्हाच सरपंचांनी प्राचार्यांना पत्र द्यावे: आमची जमीन अशी, वाफा एवढ्या रुंदीचा, काढणीचा उक्ता दर एवढा. “शेतीसाठी काहीतरी करा” असे मोघम लिहाल तर मोघमच मिळेल. आणि चार-पाच वाफे चाचणीला राखून ठेवा, हे सर्वात महत्त्वाचे.

पोरांचे यंत्र हा नमुना असतो, बाजारचा माल नव्हे. पहिल्या दिवशी दोन वाफ्यांवरच चालवा, आणि तो कांदा चाळीत वेगळा ठेवून महिन्याने पाहा.