विश्लेषण : घर मुलांच्या नावावर करताय? सही करण्याआधी हे समजून घ्या

निवृत्तीनंतर काही वर्षांनी अनेक घरांत एक वाक्य हमखास कानावर पडते. ‘बाबा, फ्लॅट आत्ताच आमच्या नावावर करून टाका, नंतर कागदपत्रांची कटकट नको.’ बोलणाऱ्याच्या मनात खोट असतेच असे नाही. ऐकणाऱ्यालाही वाटते, शेवटी सगळे त्यांचेच तर आहे. मग एके दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो, अंगठा आणि सह्या होतात. ज्या घराचे हप्ते फेडण्यात उमेद गेली, त्या घरात आई-बाबा कायद्याच्या नजरेत पाहुणे होतात.

घर मुलांना द्यावे की नाही, हा इथे प्रश्नच नाही. ते बहुतेक वेळा त्यांनाच जाणार असते. प्रश्न आहे तो कधी आणि कोणत्या कागदाने द्यायचे हा. त्याचे सरळ उत्तर असे : डोक्यावरचे छप्पर हयातीत कोणाच्याही नावावर करू नये. त्यासाठी मृत्युपत्र आहे.

बक्षीसपत्राचा मोह का पडतो?

पहिले कारण खर्चाचे. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि वकिलाची फी वेगळी. एरवी खरेदीखताला लाखांत जाणारे शुल्क इथे जवळपास वाचते. त्यामुळे ‘सवलत आहे तोवर करून टाकू’ असा सल्ला सहज दिला जातो.

दुसरे कारण भावंडांमधल्या भांडणाचे. आपल्या डोळ्यांदेखत वाटणी झाली की वाद होणार नाहीत, असे ज्येष्ठांना वाटते. पण वाद टाळण्याचे तेच काम मृत्युपत्रही करते आणि त्यासाठी घर हातचे जात नाही.

दोन्ही कागदांत नेमका फरक काय?

बक्षीसपत्र नोंदवून ते स्वीकारले गेले की मालकी त्याच वेळी बदलते. नंतर मन बदलले, सुनेशी किंवा जावयाशी पटेनासे झाले, म्हणून देणाऱ्याला ते एकतर्फी रद्द करता येत नाही. नवा मालक घर विकू शकतो, गहाण टाकू शकतो. त्याचा व्यवसाय बुडाला, तर घरावर देणेकऱ्यांची नजर जाऊ शकते. म्हणजे मुलगा अगदी चांगला असला तरी धोका संपत नाही.

मृत्युपत्र मात्र माणूस गेल्यावरच लागू होते. तोवर घर, भाडे, विकण्याचा हक्क सगळे मूळ मालकाकडेच राहते. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते आणि शेवटचे ग्राह्य धरले जाते. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही.

कायदा घर परत मिळवून देतो ना?

देतो, पण सहज नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा २००७ मध्ये झाला. त्याचे कलम २३ सांगते की ज्येष्ठाने सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने किंवा दबावाने झाले असे मानून न्यायाधिकरण रद्द करू शकते. सगळा भार ‘अट’ या शब्दावर आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवले की हे स्पष्ट होते. सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या डिसेंबर २०२२ च्या निकालात आईने करून दिलेले हक्कसोडपत्र रद्द झाले नाही, कारण सांभाळाची अट होती हे दाखवता आले नव्हते. उर्मिला दीक्षित प्रकरणात २ जानेवारी २०२५ रोजी निकाल आईच्या बाजूने लागला. मध्य प्रदेशातील या आईने २०१९ मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिले होते. सांभाळ करण्याचा उल्लेख कागदात होता आणि मुलाचे वचनपत्रही पुढे आले. न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द केले आणि ताबा आईला परत देण्यास सांगितले.

आई जिंकली खरी. पण २०१९ मध्ये केलेल्या सहीसाठी तिला २०२५ उजाडेपर्यंत थांबावे लागले, तेही पोटच्या मुलाविरुद्ध भांडून. सत्तरीतल्या माणसासाठी एवढी वर्षे म्हणजे फार मोठा काळ. म्हणून कलम २३ आहे या भरवशावर सही करू नये.

‘फक्त एक सही’ : हक्कसोडपत्र

वडील मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्यांची आई, हे सारे समान वाटेकरी असतात. नेमक्या याच वेळी, दिवसकार्य उरकते न उरकते तोच, आईपुढे हक्कसोडपत्र येते. ‘आई, तू कुठे जाणारेस? नाव एकाचेच असले की सोसायटीत काम सोपे होते.’ दुःखात असलेली बाई सही करते. त्या सहीने तिचा घरातला हिस्सा जातो.

अशा वेळी साधा नियम पाळावा. घरात कोणी गेल्यावर निदान वर्षभर मालमत्तेच्या कोणत्याही कागदावर सही करायची नाही. वारसनोंद करून घेण्यासाठी हक्क सोडावाच लागतो असे नाही. सर्व वारसांची नावे लागू शकतात.

नॉमिनी लावला म्हणजे झाले?

हा गैरसमज घरोघरी आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक किंवा सोसायटी ज्याच्याकडे पैसे वा सभासदत्व सोपवते, तो सांभाळणारा. खरा हक्क मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. म्हणून नॉमिनी लावावाच, पण मृत्युपत्रही करावे आणि दोन्हींत शक्यतो एकच नाव असावे.

मृत्युपत्र कसे करावे?

साध्या कागदावर, स्वतःच्या भाषेत चालते. मराठीत लिहिलेले मृत्युपत्र तितकेच वैध असते.

• प्रत्येक मालमत्तेचे स्पष्ट वर्णन आणि ती कोणाला द्यायची हे लिहावे.

• दोन साक्षीदारांच्या समोर सही करावी, त्यांनीही सही करावी. ज्याला वाटा मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नये. साक्षीदार वयाने लहान असले तर बरे.

• वय जास्त असेल तर मानसिक स्थिती ठीक असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र त्याच दिवशी घ्यावे. पुढचे अर्धे वाद तिथेच मिटतात.

• नोंदणी सक्तीची नसली तरी करून घेतलेली चांगली.

• जोडीदार मागे राहणार हे धरून चालावे. त्याला किंवा तिला हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क राहील, हे स्वतंत्र वाक्यात लिहावे.

मुस्लिम कुटुंबांसाठी मृत्युपत्राचे नियम वेगळे आहेत. त्यांनी जाणकार वकिलाला विचारूनच मसुदा करावा.

काही कारणाने बक्षीसपत्र करावेच लागणार असेल, तर ‘सांभाळ, औषधपाणी आणि दोघांच्याही हयातीपर्यंत या घरात राहण्याचा हक्क’ ही अट त्याच कागदात लिहून घ्यावी. वकील मुलाने आणलेला नसावा, स्वतः निवडलेला असावा.

पैसा आणि आजारपणाचे काय?

घर जाते तसे खातेही हळूच हातचे जाते. मुलासोबतचे संयुक्त खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचे असेल तर दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकतो. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ निवडल्यास पहिला खातेदार हयात असेपर्यंत व्यवहार त्याच्याच हाती राहतो. पेन्शन जमा होते त्या खात्याचे एटीएम कार्ड आणि मोबाइलवर येणारा ओटीपी स्वतःकडेच असावा.

मोठे आजारपण हे घर लिहून देण्याचे नेहमीचे निमित्त असते. ‘आम्ही बघतो ना खर्चाचे’ म्हटले की नाही म्हणवत नाही. इथे एक आधार लक्षात ठेवावा. ७० वर्षे व त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर योजनेतील रुग्णालयांत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. कुटुंबात ७० पुढचे दोघे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. आधार कार्डावर ते काढता येते. आजारी पडण्याआधीच काढून ठेवावे.

मुले बघेनाशी झाली तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या, कार्यालयात निर्वाहासाठी अर्ज करता येतो. वकील लावण्याची गरज नाही. कायद्यात दरमहा कमाल १० हजार रुपयांची तरतूद आहे. कुठे जावे हे कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे.

मुलांना वाईट वाटणार नाही का?

वाटू शकते. विशेषतः जो मुलगा किंवा जी मुलगी खरोखर सांभाळते, तिला ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याचे उत्तर सोपे आहे. मृत्युपत्रात सांभाळणाऱ्याला जास्त वाटा देता येतो, आणि का दिला हेही लिहिता येते. सगळ्यांना एकत्र बसवून ते आधीच सांगून टाकावे. लपवलेल्या मृत्युपत्राने जितकी घरे फुटतात तितकी उघड सांगितलेल्याने फुटत नाहीत.

मुलांनीही हे उलट बाजूने पाहावे. आई-वडिलांचे घर त्यांच्याच नावावर असणे म्हणजे आपल्यावरचा अविश्वास नव्हे. आपली नोकरी गेली, कर्ज थकले, घरात काही बिनसले, तरी त्यांना कोणी बाहेर काढू शकणार नाही, याची ती खात्री आहे. पुढच्या वेळी ‘कागद करून टाका’ म्हणण्याआधी ‘बाबा, मृत्युपत्र केलंत का?’ एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.