फेस

परवा नात पुण्याहून आली, ती स्वतःची शाम्पूची बाटली घेऊनच. "आजोबा, तुमच्या शाम्पूत एसएलएस आहे. वापरू नका, कॅन्सर होतो म्हणे!"

मी मराठी माध्यमाचा बीए, विज्ञानाशी संबंध मॅट्रिकपर्यंतचा. पण मास्तराची खोड काही जात नाही. भिंग घेऊन बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली आणि शोधाशोध केली.

एसएलएस म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट. बऱ्याचदा हे खोबरेल तेलापासूनच बनतं, ही एक गंमत! याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. म्हणून तेलकट मळ पाण्याबरोबर निघून जातो. आपल्या रिठ्याचा फेसही याच तत्त्वावर. पण एसएलएस मळाबरोबर त्वचेचं स्वतःचं तेलही ओढून नेतं. त्वचा कोरडी पडते, खाजते. त्वचातज्ज्ञांना प्रयोगासाठी मुद्दाम दाह घडवायचा असतो, तेव्हा ते हेच रसायन पट्टीखाली कित्येक तास ठेवतात. जड पाण्यात ते त्वचेवर जास्त चिकटून राहतं, असंही शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलंय. आपल्या संभाजीनगरच्या बोअरचं पाणी कसं आहे ते बादल्यांवरचे पांढरे डाग सांगतातच.

कॅन्सरची गोष्ट मात्र १९९०च्या दशकाच्या अखेरीस ई-मेलवरून पसरलेली अफवा. तिला आधार नाही.

म्हणजे खरा प्रश्न, ते अंगाला किती वेळ लागून राहतं याचा. शाम्पू दोन मिनिटांत धुऊन जातो. मग तासन्‌तास फेसात कोण असतं?

हे वाचत होतो तेव्हा मोरीत भांडी वाजत होती. आमच्या मावशी पाच घरची धुणीभांडी करतात. भांड्यांच्या साबणात नि धुण्याच्या पावडरीत याच जातकुळीची रसायनं. म्हटलं, "मावशी, हात दाखवा बरं." बोटांच्या पेरांवर भेगा. "नेहमीचंच आहे, सर," म्हणाल्या.

सात वर्षं त्या आमच्याकडे येतात. मी कधी विचारलं नव्हतं.

माझं मत विचाराल तर, नातीनं हवा तो शाम्पू वापरावा. पण आतून सुती अस्तराचे रबरी हातमोजे नि रात्री लावायला पेट्रोलियम जेली, हा खर्च भांडी ज्यांची त्यांनी करावा. मी मोजे आणले. दोन दिवसांनी मावशींनी खुंटीला अडकवून ठेवले. "मोठे होतात सर, भांडं निसटतं."

आता त्यांना सोबत नेऊन मापाचे आणायचेत. तुमच्याकडच्या मावशींचे हात कसे आहेत? जरा बघा आणि कळवा.